वाढदिवसाची बाटली केव्हा उघडावी?

केक कापला जातो, टाळ्या वाजतात आणि त्याच क्षणी शॅम्पेनचं बूच उडतं. वाढदिवसाचं हे चित्र सिनेमांनी आणि जाहिरातींनी जगभर इतकं पक्कं केलं आहे, की त्यात काही खटकण्यासारखं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. जिभेला मात्र ते खटकतं. तोंडात क्रीमचा गोडवा असताना आजच्या पद्धतीची ड्राय शॅम्पेन घेतली, तर ती आंबट, पातळ आणि किंचित कडवट लागते. कारण साधं आहे. जीभ एखाद्या चवीला सरावली की त्या चवीची पुढची जाणीव बोथट होते. पेढा खाल्ल्यावर घेतलेला चहा अगोड लागतो, तो याचमुळे. शॅम्पेनमध्ये साखर मुळातच जेमतेम असते. केकने ती जेमतेम साखरही जिभेपुरती पुसून टाकली, की हाती उरतो निव्वळ आंबटपणा. म्हणजे घरातल्या आनंदाच्या दिवशी आणलेली सर्वांत महाग बाटली नेमकी तिच्यासाठी सर्वांत वाईट वेळी उघडली जाते. माझं म्हणणं असं की, वाढदिवसाच्या जेवणात वाइनचं मोल तिच्या किमतीवर फारसं ठरत नाही. जेवणाच्या क्रमात तिला कुठली जागा दिली, यावर ते ठरतं. हे पाहायला फ्रान्ससारखी दुसरी जागा नाही, कारण कुटुंबातल्या सणासमारंभाच्या जेवणाचा आराखडा तिथे गेल्या दोनशे वर्षांत घडत गेला आणि त्याच्याबरोबरच वाइनची जागाही पक्की होत गेली.

मग केक आणि शॅम्पेन ही जोडी जमली कशी? एकोणिसाव्या शतकातली शॅम्पेन आजच्यासारखी नव्हतीच. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, त्यातूनच तिचा फेस येतो. नंतर बाटलीत साचलेला यीस्टचा गाळ काढून टाकतात आणि कमी झालेली पातळी साखर विरघळवलेल्या वाइनने भरून काढतात. या शेवटच्या पायरीवर किती साखर घालायची, हे तेव्हा गिऱ्हाईक पाहून ठरत असे. रशियाला जाणाऱ्या शॅम्पेनमध्ये लिटरमागे २०० ग्रॅमहून अधिक साखर असायची, म्हणजे आजच्या कोला पेयाच्या जवळजवळ दुप्पट. फ्रान्समध्येही ती बरीच गोड प्यायली जाई. इंग्रजांना तेवढी कमी गोड आवडे. अशी शॅम्पेन जेवणाच्या शेवटी, गोडाबरोबरच यायची आणि तिथे ती शोभायचीही. इंग्लंडच्या गिऱ्हाइकांची आवड ओळखून काही घराण्यांनी साखर कमी करायला सुरुवात केली. पती वारल्यावर पॉमेरी घराण्याची धुरा सांभाळणाऱ्या लुईझ पॉमेरी यांनी १८७४च्या हंगामाची जी जवळपास बिनसाखरेची शॅम्पेन काढली, ती या बदलाची खूण मानली जाते. विसाव्या शतकात ‘ब्रूट’ हाच सर्वसाधारण प्रकार झाला. आजच्या युरोपीय नियमाप्रमाणे ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असावी लागते. पेयाची चव अशी पार पालटली, पण विधी जुन्याच जागी राहिला. फ्रान्समधली जाणती घरं यातून दोन वाटा काढतात. ब्रूट असेल तर ती जेवणाच्या आधी उघडायची. केकबरोबर शॅम्पेन हवीच असेल, तर ३२ ते ५० ग्रॅम साखरेची ‘दमी-सेक’ आणायची. दोन्ही शॅम्पेनच, पण जेवणातल्या त्यांच्या जागा निरनिराळ्या.

वाइनला जेवणात ठरलेली जागा असते, ही कल्पनासुद्धा फार जुनी नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या श्रीमंत घरांत मेजवानी वेगळ्याच रीतीने वाढली जाई. सूप, भाजलेलं मांस, मासे, भाज्या असे कितीतरी पदार्थ एकाच वेळी टेबलावर सारख्या अंतरावर मांडले जात आणि ज्याच्या हाताशी जे येईल ते तो घेई. काही वेळाने ती सगळी मांडणी उचलून दुसरी येई. पेले टेबलावर नसतच. ते बाजूच्या मेजावर असत. तहान लागली की नोकराला खूण करायची, तो भरलेला पेला आणून देई आणि रिकामा झाला की परत नेई. अशा जेवणात कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन हा प्रश्न पडायला वावच नव्हता, कारण शेजारी बसलेल्या दोघांच्या ताटात एकाच वेळी निराळे पदार्थ असत. १८१०च्या सुमारास रशियाचे पॅरिसमधले राजदूत अलेक्सांद्र कुराकिन यांच्या मेजवान्यांत दुसरी रीत दिसली, असं सांगतात. पदार्थ स्वयंपाकघरातच कापायचा आणि एकामागून एक, गरमागरम, सगळ्यांना वाढायचा. फ्रेंचांनी ही रीत लगेच उचलली नाही. टेबलाचं वैभव जातं, अशी कुरकुर बरीच वर्षं चालली. उर्बां द्युब्वा यांच्यासारख्या आचाऱ्यांनी शतकाच्या उत्तरार्धात तिचा पुरस्कार केला आणि शतक संपता संपता ती मध्यमवर्गीय घरांतही रुळली. आता टेबलावरचे सगळेजण एका क्षणी एकच पदार्थ खात होते. तेव्हा कुठे प्रत्येकाच्या ताटासमोर पेले आले आणि त्या पदार्थाला साजेशी एक वाइन सगळ्यांना देता येऊ लागली. पदार्थांचा क्रम आधी आला, वाइनची निवड त्याच्या मागून आली.

पंगतीत जेवलेल्या मराठी माणसाला क्रमाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. आपलं ताट वरवर पाहता जुन्या फ्रेंच मेजवानीसारखं, सगळं एकदम मांडलेलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, ही जागांची शिस्त. पण वाढपी ज्या ओळीने फिरतात ती काळाची शिस्त असते. आधी साधं वरण-तूप-भात, मग पोळी किंवा पुरी आणि पक्वान्न, मध्येच मसालेभात, शेवटी ताकभात आणि विडा. जेवण जड होत जातं तसा मठ्ठा येतो, आणि तो का येतो हे पोटाला कळतं. फ्रेंच टेबलावर वाइनची जागा आहे ती अशी.

२०१० साली नोव्हेंबरमध्ये नैरोबीत भरलेल्या बैठकीत युनेस्कोने ‘फ्रेंचांचं रसास्वादी भोजन’ मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा काहींना वाटलं, मोठमोठ्या उपाहारगृहांचा आणि नामांकित शेफमंडळींचा हा गौरव आहे. नोंदीचा मजकूर मात्र वेगळं सांगतो. जन्म, लग्न, वाढदिवस, वर्धापनदिन, यश, पुनर्भेट अशा प्रसंगी माणसं एकत्र येऊन जे जेवण करतात, त्या सामाजिक रीतीची ती नोंद आहे. पदार्थ विचारपूर्वक निवडणं, शक्यतो आसपासचाच चांगला माल आणणं, पदार्थाला वाइन जुळवणं, टेबल सजवणं, वास घेत चव घेत खाणं आणि त्याबद्दल बोलणं हे तिचे घटक. आराखडाही दिला आहे. सुरुवातीला भूक चाळवणारं पेय, शेवटी लिक्युअर आणि मध्ये किमान चार टप्पे: आरंभीचा पदार्थ, भाज्यांसह मासा किंवा मांस, चीज आणि गोड. यात विशिष्ट पाककृतीचं नाव नाही, वाइनचंही नाही आणि पैशांचा उल्लेख तर नाहीच. वारसा म्हणून जपलेली गोष्ट आहे ती एकत्र बसण्याची आणि क्रमाची. मला ही नोंद म्हणूनच महत्त्वाची वाटते.

आता हा क्रम असाच का, ते पाहू. तीन-चार तास चालणारं एखाद्या कुटुंबातलं वाढदिवसाचं दुपारचं जेवण घ्या. सुरुवातीला थंड ब्रूट किंवा दुसरी एखादी फेसाळ वाइन असते, सोबत खारे बदाम किंवा बर्गंडीकडचे चीज घातलेले पोकळ गोळे, ‘गुजेर’. इथे आंबटपणा आणि फेस लाळ सुटायला मदत करतात आणि मीठ वाइनमधला कडवटपणा दाबतं. मीठ इतर चवी खुलवतं ते कडवटपणा झाकून, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी १९९७मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. मग ऑयस्टर किंवा दुसरा एखादा माशाचा पदार्थ येतो आणि त्याच्याबरोबर लुआरच्या मुखाकडची मुस्काडे किंवा शाब्लीसारखी आंबटसर पांढरी वाइन. माशावर पिळलेलं लिंबू जे काम करतं, तेच ही वाइन करते. पुढे भाजलेली मेंढीची मांडी आणि बोर्दोची लाल वाइन. लाल वाइनमध्ये द्राक्षांच्या सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा निसरडेपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. कच्च्या सुपारीने किंवा जांभळाने येतो तोच हा तुरटपणा. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात, त्यामुळे वाइन मऊ लागते. उलट टॅनिन तोंडातला तेलकट थर काढतं, त्यामुळे पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. हीच लाल वाइन सुरुवातीला घेतली असती, तर नंतरच्या मुस्काडेची चव पाण्यासारखी लागली असती. हलक्याकडून जडाकडे, कमी वयाच्या वाइनकडून जुन्या वाइनकडे, ड्रायकडून गोडाकडे ही चाल जिभेच्या थकण्याचा हिशेब ठेवून ठरलेली आहे. फ्रेंच माणूस चीज गोडाच्या आधी खातो, तेही याच हिशेबाने. लाल वाइनचा उरलेला घोट चीजबरोबर संपतो आणि मगच साखरेला वाट मिळते.

या जुळवणीवर शंका घेणारे आहेत आणि त्यांच्या शंका फेटाळून लावण्यासारख्या नाहीत. चीज आणि लाल वाइन ही तर सर्वांत प्रसिद्ध जोडी. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात हिल्डगार्ड हेमन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने ती प्रशिक्षित चाखणाऱ्यांकडून तपासली, तेव्हा २००६मध्ये असं प्रसिद्ध झालं, की चीजमुळे लाल वाइनचे बहुतेक गुण खुलण्याऐवजी झाकले जातात. तुरटपणा कमी होतो, पण फळांचा स्वादही कमी होतो. बोर्दोमध्येच २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. यावरून काहीजण सगळं वाइनशास्त्र थोतांड ठरवतात. मला या प्रयोगांतून तसं दिसत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनात धरलेलं चवीत मिसळतं, एवढं त्यांनी दाखवलं. चीजच्या प्रयोगानेही चीज वाइनची चव बदलतं हेच सिद्ध केलं. फक्त तो बदल वाइनच्या फायद्याचा असतो हा समज खोडला. तोंडात आधी काय होतं यावर पुढची चव अवलंबून असते, हा क्रमामागचा पाया त्यामुळे उलट भक्कम होतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, जपून ठेवलेली लाल वाइन चीजसाठी राखून ठेवू नये. तिला मुख्य पदार्थाबरोबर येऊ द्यावं, चीजला साधी बाटली पुरते.

किमतीबाबत पुरावा आणखी स्पष्ट आहे. २००८ साली दोन अभ्यास आले. एकात अमेरिकेत सहा हजारांहून अधिक वेळा किंमत न सांगता वाइन चाखायला दिल्या गेल्या. ज्यांनी वाइनचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, त्यांना सरासरीने महाग वाइन किंचित कमीच आवडल्या. दुसऱ्या अभ्यासात एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. लोकांना ९० डॉलरची अधिक आवडली आणि मेंदूच्या चित्रणातही सुखाशी जोडलेल्या भागाची हालचाल वाढलेली दिसली. म्हणजे किंमत सांगितली की सुख वाढतं, आणि लपवली की ते सुख बाटलीत सापडत नाही. वाढदिवसासाठी ऐपतीबाहेरची बाटली आणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. त्या पैशांत तीन साध्या बाटल्या येतात, आणि योग्य पदार्थाबरोबर आलेली साधी बाटली अवेळी उघडलेल्या भारी बाटलीपेक्षा हमखास सरस लागते.

यावर एक बिनतोड वाटणारं उदाहरण पुढे केलं जातं: जन्मसालाची वाइन. मूल जन्मलं की त्या हंगामाच्या वाइनच्या काही बाटल्या घेऊन ठेवायच्या आणि ते अठरा, एकवीस किंवा चाळीस वर्षांचं झालं की उघडायच्या, अशी चाल युरोपात आहे. इंग्लंडमधल्या खानदानी घरांत धर्मपुत्रासाठी पोर्टचं अख्खं पिंप, म्हणजे पाचशेहून अधिक लिटर, घेऊन ठेवण्याची रीत होती. अशी बाटली निव्वळ तिच्यावर छापलेल्या सालासाठी मोलाची असते, मग क्रमाचा काय संबंध? मला या चालीबद्दल मनापासून आदर आहे. खाण्यापिण्याच्या इतक्या वस्तूंत वाइन ही जवळपास एकटीच अशी, की तिच्यावरचं साल म्हणजे बांधणीची तारीख नसून एका विशिष्ट वर्षाच्या उन्हापावसाची साक्ष असते. युरोपीय नियमाप्रमाणे साल छापायचं तर किमान ८५ टक्के द्राक्षं त्याच हंगामाची लागतात. त्या माणसाच्या पहिल्या वर्षातला उन्हाळा त्या बाटलीत आहे, हे म्हणणं म्हणूनच अक्षरशः खरं आहे. मात्र ही बाटली तर सगळ्यांत अधिक क्रमावर अवलंबून असते. एक तर सगळी सालं सारखी नसतात. १९४५, १९६१, १९८२ मध्ये बोर्दोत जन्मलेले भाग्यवान. १९६३, १९६५, १९६८ आणि १९७२ मध्ये तिथे वाइन कमकुवत झाली. १९९१च्या एप्रिलमधल्या कडाक्याच्या दहिवराने बोर्दोची कोवळी फूट जळाली. १९६३ साली जन्मलेल्याने मात्र पोर्तुगालकडे वळावं, कारण ते साल पोर्टसाठी थोर मानलं जातं. दुसरं असं की, बहुतेक वाइन मुरत ठेवण्यासाठी बनतच नाही. दोन-चार वर्षांत ती पिऊन टाकायची असते. आंबटपणा, टॅनिन, साखर किंवा अल्कोहोल यांपैकी ज्या वाइनमध्ये काही भरपूर असतं, तीच टिकते. लाल वाइन मुरताना टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात आणि अखेरीस गाळ होऊन खाली बसतात. रंग जांभळ्याकडून विटकरी होतो, तुरटपणा ओसरतो, फळांच्या वासाची जागा सुकलेली पानं, चामडं, ओली माती असले वास घेतात. अशी तीस वर्षांची वाइन नाजूक असते. तिच्यापुढे मसालेदार सॉस ठेवला तर तिचा आवाजही ऐकू येत नाही. साधं भाजलेलं मांस, थोडं मीठ आणि आधीची वाइन तिच्याहून तरुण, एवढी व्यवस्था केली तरच ती बोलते.

ज्यांचं जन्मसाल बोर्दोसाठी वाईट गेलं किंवा ज्यांना बोर्दोचे दर परवडत नाहीत, त्यांच्यासाठी फ्रान्समध्ये दोन कोपरे आहेत, आणि त्यांची माहिती सगळ्यांना असायला हवी. एक आहे पूर्वेकडे स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेला ज्युरा. लुई पाश्चरचं बालपण याच भागातल्या आर्ब्वा गावी गेलं आणि त्याने वाइनवरचे काही प्रयोगही तिथेच केले. इथे साव्हान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षांपासून ‘व्हँ जोन’ ही पिवळी वाइन करतात. पिंपात ती कमी होत गेली तरी भर घालत नाहीत. पृष्ठभागावर यीस्टचा पातळ पडदा धरतो आणि त्याच्याखाली ती सहा वर्षांहून अधिक काळ मुरते. मुलाच्या जन्मसालाची ही वाइन बाजारात येते तेव्हा मूल शाळेत जायला लागलेलं असतं. तिची बाटलीही वेगळी, ६२ सेंटिलिटरची. अक्रोडासारख्या वासाची ही वाइन पुढे कित्येक दशकं टिकते आणि तिची जागा ठरलेली आहे: मोरेल अळंबी आणि साय घातलेली कोंबडी, नाहीतर जुनं कोंते चीज. इथे चीजबरोबरची जोडी खरोखर जमते, कारण पांढऱ्या वाइनमध्ये टॅनिनचा अडसर नसतो. दुसरा कोपरा दक्षिणेला, स्पेनच्या सीमेवर. बान्युल्स, मोरी, रिव्हसाल्त या गावांच्या आसपास आंबवणं चालू असतानाच रसात अल्कोहोल मिसळून ते थांबवतात. द्राक्षांची बरीचशी साखर तशीच राहते. यातल्या काही वाइन काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून उघड्यावर उन्हात ठेवतात, त्यामुळे बिघडण्यासारखं जे काही असतं ते आधीच होऊन गेलेलं असतं आणि अशी वाइन पन्नास वर्षंही टिकू शकते. कॉफी, अंजीर, सुकामेवा यांची आठवण देणारी बान्युल्स चॉकलेटसमोर टिकणाऱ्या मोजक्या वाइनपैकी आहे. चॉकलेटचा केक आणि जन्मसालाची बान्युल्स किंवा रिव्हसाल्त ही जोडी मी वाढदिवसाच्या टेबलासाठी सर्वांत नेमकी समजतो. केकच्या क्षणी बाटली उघडायची हौस तिथे चवीलाही मान्य असते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा, की हा सगळा थाट अलीकडचा आणि वरच्या वर्गाचा आहे. ते खरं आहे. वाढदिवस साजरा करणंही कॅथलिक फ्रान्समध्ये नवीनच. पूर्वी महत्त्व असे ते ज्या संताचं नाव ठेवलं त्याच्या दिवसाला. पण एखादी रीत दीडशे-दोनशे वर्षांचीच आहे म्हणून ती उथळ ठरत नाही. आपला केकही तसा कालचाच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: चार टप्प्यांचं जेवण म्हणजे घरातल्या बाईने दिवसभर राबायचं आणि इतरांनी टेबलावर गप्पा मारायच्या. फ्रान्समध्येही हे ओझं बहुतेक बायकांनीच वाहिलं आहे. त्यावर त्यांच्या रीतीतच एक उतारा आहे. पाव भट्टीवाल्याकडून, चीज चीजवाल्याकडून, केक केकवाल्याकडून आणणं हे तिथे कमीपणाचं नसून निवडीचं लक्षण मानतात. चार टप्प्यांतले दोन टप्पे अशा रीतीने चुलीपर्यंत जातच नाहीत. उरलेलं काम वाटून घेण्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि जिथे एकच व्यक्ती उठबस करते आहे तिथे एकत्र बसण्याचा हेतूच फसतो, हे मान्य केलं पाहिजे.

तिसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो टाळून वाइनवर लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. अल्कोहोलयुक्त पेयांमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवलं. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने म्हटलं, की पूर्णपणे सुरक्षित असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सांगता येत नाही. लाल वाइन हृदयाचं रक्षण करते, हा १९९०च्या दशकात गाजलेला दावा आज तेवढ्या जोराने कुणी मांडत नाही. खुद्द फ्रान्सच्या आरोग्य यंत्रणेचा २०१७ पासूनचा सल्ला आहे: आठवड्याला दहा पेले, दिवसाला दोन, याहून अधिक नको, आणि रोज तर नकोच. यातला पेला म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. १२ टक्क्यांच्या ७५ सेंटिलिटर बाटलीत असे सुमारे सात पेले भरतात. म्हणजे सहा प्रौढांच्या टेबलाला दोन बाटल्यांतच मर्यादा गाठली जाते. हा इशारा फ्रेंच समाजाने आपल्या परीने ऐकलेला दिसतो. १९६०च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन प्यायली जाई, आता ते प्रमाण चाळीसच्या आसपास आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या भोजनगृहात वाइन देणं १९५६ साली बंद झालं, म्हणजे त्याआधी ती दिली जात होती. रोजच्या जेवणातली साधी वाइन ओसरली. टिकली ती प्रसंगाची वाइन. पोटात अन्न असताना, तीन तासांत विभागून घेतलेलं अल्कोहोल रक्तात सावकाश चढतं, हाही क्रमाचा एक लाभ. त्याने अपाय मिटत नाही. तेव्हा वाइन आरोग्यासाठी घेतो म्हणणं सोडून द्यावं. ती चवीसाठी, क्वचित आणि थोडी. आणि ज्यांना घ्यायचीच नाही त्यांच्यासाठी क्रम मोडत नाही. सोलकढी, मठ्ठा, कोकम यांत आंबटपणा आहे, तोंड साफ करण्याची ताकद आहे. टेबलावर त्यांना वाइनइतकीच विचारपूर्वक जागा देता येते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. १९८०च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन तयार होऊ लागली, २००१ साली राज्याने द्राक्ष-वाइनचं धोरण आणलं आणि नाशिक-दिंडोरी परिसर देशातलं वाइनचं केंद्र झाला. पुण्या-मुंबईच्या घरांत वाढदिवसाला वाइनची बाटली येऊ लागली आहे, बऱ्याचदा केकच्याच शेजारी. फ्रेंच क्रम इथे जसाच्या तसा बसवता येणार नाही. आपलं श्रीखंड किंवा बासुंदी जेवणाच्या मध्यातच येते, आणि गोडाचा घास आला की ड्राय वाइनचं गणित बिघडतं. तिखटाचंही तसंच. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या संवेदकांना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं. त्यामुळे तांबड्या रश्श्याबरोबर १४ टक्क्यांची तुरट लाल वाइन घेतली तर जाळ आणखी भडकतो. जन्मसालाच्या बाटलीचा विचार इथे करायचा तर १२-१३ अंशांचं सततचं थंड कपाट हवं. नागपूरच्या किंवा मुंबईच्या उन्हाळ्यात साध्या फडताळात ती एका मोसमातच शिजून निघते. मग मराठी घरात बाटली केव्हा उघडावी? औक्षण झालं, पाहुणे बसले, ताटं अजून मांडायची आहेत, त्या अर्ध्या-पाऊण तासात. कोथिंबीर वडी, कुरकुरीत तळलेले बोंबील, खारे काजू यांच्याबरोबर ८-१० अंशांपर्यंत थंड केलेली नाशिकची ब्रूट फेसाळ वाइन. तळणीचं तेल आणि मीठ यांना तिच्यातला आंबटपणा आणि फेस नेमका हवा असतो. जेवण मध्यम तिखट असेल तर पुढे किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ चालू शकते. झणझणीत असेल तर तिथे मठ्ठाच उत्तम. आणि केकच्या वेळी काही ओतायचंच असेल, तर नाशिकमध्येच द्राक्षं वेलीवर अधिक पिकू देऊन केलेली गोड ‘लेट हार्वेस्ट’ शेनिन ब्लाँ मिळते. ती छोट्या पेल्यात, घोटभरच द्यावी.